हातघाईचे कारण : हेरपटांतील कथानकतर्क आणि मारामारीची दृश्ये

हेराचे काम कोणाच्या नजरेस न येता माहिती मिळवणे आणि ती योग्य जागी पोहोचवणे हे असते. त्यामुळे ज्या क्षणी त्याला मूठ आवळावी लागते, त्या क्षणी त्याचे मूळ काम कोठेतरी फसलेले असते. त्याचे सोंग उघडे पडलेले असते, किंवा त्याच्यावर आधीपासून पाळत असते, किंवा त्याच्याच बाजूच्या कोणीतरी दगा दिलेला असतो. पोलिसपटात किंवा सूडकथेत नायकाने मारामारी करणे हा त्याच्या कामाचाच भाग समजला जातो, पण हेरपटात ती कामातील बिघाडाची खूण ठरते, आणि म्हणूनच हेरपटातील प्रत्येक मारामारीकडे प्रेक्षक एका प्रश्नाचे उत्तर मागू शकतो : प्रकरण हातघाईवर का आले? बखरींतील युद्धवर्णनांमुळे मराठी वाचकाला ‘हातघाई’ हा शब्द परिचयाचा आहे. लांबून मारा करण्याची सोय संपून माणसे एकमेकांच्या अंगाशी भिडतात ती अवस्था त्यातून व्यक्त होते. हेरपटातील मारामारीचा विचार करताना हा शब्द विशेष उपयोगी पडतो, कारण दूरवरून मारण्याची सगळी साधने जवळ असलेला माणूस त्या अवस्थेपर्यंत कसा पोहोचला, हे सांगण्याची जबाबदारी तो कथानकावर टाकतो.

या व्याख्यानात ‘कथानकतर्क’ ही संज्ञा एका मर्यादित अर्थाने वापरलेली आहे. चित्रपटाने स्वतःच्या जगाचे जे नियम प्रेक्षकाला आधी दाखवले, त्या नियमांतूनच पुढची घटना निघाली पाहिजे, ही अपेक्षा म्हणजे कथानकतर्क. त्याची गल्लत वास्तवाशी करू नये. अश्रुधुराचा डबा लपवलेली प्रवासी पेटी व्यवहारात कोणी वापरली असेल किंवा नसेल, त्याच्याशी या तर्काला कर्तव्य नाही. पण ती पेटी कशी उघडावी आणि चुकीच्या रीतीने उघडल्यास काय होते हे एकदा दाखवल्यावर, पुढे कोणीतरी ती चुकीच्या रीतीने उघडणे हे त्या जगात पूर्णपणे तर्कसंगत असते. उलट, रोजच्या आयुष्यात सहज घडू शकणारी गोष्टही, उदाहरणार्थ ऐन वेळी शत्रूच्या बंदुकीत गोळी अडकणे, ध्यानीमनी नसताना येऊन नायकाला वाचवू लागली की प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटते.

हा विचार भारतीय रसिकाला परका नाही. संस्कृत नाट्यशास्त्रात कथावस्तूच्या आरंभी थोडक्यात टाकलेल्या आणि पुढे विस्तारत जाणाऱ्या कारणाला ‘बीज’ म्हणतात, आणि हेरगिरीच्या कथेत बीज कसे पेरावे याचा नमुना विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ या नाटकात आहे. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी 1884 साली या नाटकाची चिकित्सक आवृत्ती मुंबईतून सिद्ध केली. नाटकातील सारी उलथापालथ एका मुद्रेवर, म्हणजे नाव कोरलेल्या अंगठीवर, उभी आहे. नंदांचा अमात्य राक्षस याने आपले कुटुंब चंदनदास या व्यापाऱ्याच्या घरी लपवलेले असते. एक लहान मूल कुतूहलाने दाराबाहेर डोकावते, त्याला घाईने आत ओढताना आईच्या बोटातील अंगठी निसटून उंबऱ्याकडे घरंगळत येते, आणि यमपट दाखवत फिरणाऱ्या चाणक्याच्या हेराच्या हाती ती लागते. अंगठी निसटण्याचे कारणही नाटककाराने देऊन ठेवले आहे : ती पुरुषाच्या बोटाच्या मापाची असते. त्याच मुद्रेचा शिक्का मारलेल्या पत्रामुळे पुढे राक्षसाची सगळी आघाडी मोडते. बोटाच्या मापाएवढी बारीक गोष्ट सांगण्याची विशाखदत्ताला गरज वाटली, यातच हेरकथेच्या तर्काचे मर्म आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर ज्या मराठी वाचकांच्या पिढ्या वाढल्या, त्यांनाही आधीच्या पानावरचा दुवा पुढच्या पानावर ताडून पाहण्याची सवय होतीच.

हेरपटाच्या बाबतीत या दृष्टीने सर्वांत बारकाईने पाहावा असा चित्रपट म्हणजे टेरेन्स यंग यांनी दिग्दर्शित केलेला ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (1963). इयान फ्लेमिंग यांच्या 1957 च्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात जेम्स बॉंड (शॉन कॉनरी) आणि ग्रँट (रॉबर्ट शॉ) यांच्यात ओरिएंट एक्स्प्रेसच्या डब्यात जी झटापट होते, ती पडद्यावर फार वेळ चालत नाही, पण तिची तयारी जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर चाललेली असते. स्पेक्टर या गुन्हेगारी संघटनेला ‘लेक्टर’ नावाचे सोव्हिएत सांकेतिक यंत्र हवे असते आणि ते बॉंडच्याच हातून पळवून घ्यायचे असते. त्यामुळे बॉंडला मारण्यासाठी नेमलेला ग्रँट इस्तंबूलमध्ये त्याचे रक्षण करत फिरतो. जिप्सींच्या वस्तीवर हल्ला होतो तेव्हा बॉंडवर चालून येणाऱ्या माणसाला लपलेला ग्रँट दुरून गोळी घालतो. मारेकरीच पाठराखण करतो आहे, हे प्रेक्षकाला दिसते आणि बॉंडला दिसत नाही. यंत्र मिळेपर्यंत बॉंड सुरक्षित आहे आणि ते मिळताच सुरक्षित नाही, एवढा एक नियम समजला की पुढचा सारा रेल्वेप्रवास त्या नियमाच्या छायेत घडतो. शिवाय ग्रँट चित्रपटाचा बराच मोठा भाग एक शब्दही बोलत नाही, आणि नॅश या ब्रिटिश अधिकाऱ्याला मारून त्याच्या नावाने डब्यात शिरल्यावर तो जेव्हा बोलू लागतो, तेव्हा त्याचे अदबशीर बोलणेच प्रेक्षकाला त्याच्या आधीच्या मौनापेक्षा अधिक भयावह वाटते.

आता डब्यातील मांडणी पाहावी. बॉंडसोबत प्रवास करणाऱ्या तात्याना या तरुणीला ग्रँटने पेयातून गुंगीचे औषध दिलेले असते, म्हणून ती मधे पडत नाही. गाडी धावत असते, म्हणून पळायला जागा नाही आणि आवाज बाहेर जाण्याची शक्यता कमी. बॉंड बेसावध सापडून गुडघ्यांवर आणला गेलेला असतो आणि पिस्तूल ग्रँटच्या हातात असते. या अवस्थेतून हातघाईवर येण्याचा एकच मार्ग पटकथेने मोकळा ठेवलेला आहे आणि तो चित्रपटाच्या पूर्वार्धातच दाखवलेला आहे. लंडनमध्ये बॉंडला दिलेल्या काळ्या पेटीत 50 सोन्याची नाणी आहेत, फेकायचा सुरा आहे, आणि टाल्कम पावडरच्या डब्यात अश्रुधुराची नळी आहे. पेटीच्या खिट्ट्या आधी आडव्या फिरवून मगच झाकण उघडायचे असते, नाहीतर धूर फुटतो. शेवटची सिगारेट मिळावी म्हणून बॉंड ग्रँटला सोन्याची नाणी देऊ करतो, स्वतःची पेटी रीतसर उघडून ती काढून दाखवतो, आणि दुसऱ्या, म्हणजे नॅशच्या, पेटीतही तशीच असावीत असे सुचवतो. बॉंडवर विश्वास नसल्यामुळे ग्रँट त्याला बाजूला ठेवून दुसरी पेटी स्वतःच्या हाताने, सरळ उघडतो. येथे तर्काची वीण फार सुबक आहे, कारण ग्रँटला त्याचा लोभही मारतो आणि त्याची सावधगिरीही मारते. तो थोडा कमी सावध असता आणि पेटी बॉंडला उघडू देता, तर निदान धूर त्याच्या तोंडावर फुटला नसता.

त्यानंतरची झटापट पीटर हंट यांच्या संकलनामुळे आजही ताजी वाटते. संकलन म्हणजे चित्रित केलेल्या तुकड्यांची निवड आणि जोडणी. हंट यांनी हालचाल पूर्ण होण्याआधीच पुढच्या तुकड्यावर जाण्याची जी पद्धत वापरली, तिच्यामुळे प्रत्येक फटका थोडा लवकर बसल्यासारखा भासतो. डब्यातील दिवा जातो आणि निळसर उजेड उरतो, पण कोण कोणत्या बाजूला आहे याचा गोंधळ प्रेक्षकाचा क्षणभरही होत नाही. ग्रँटच्या मनगटी घड्याळातून निघणारी गळा आवळण्याची तार चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात, बॉंडचा मुखवटा घातलेल्या माणसावर, वापरलेली दाखवलेली असते. तीच तार येथे बॉंडच्या गळ्याभोवती पडते, पेटीतील सुरा ग्रँटच्या हातात घुसतो, आणि त्याच तारेने ग्रँटचा शेवट होतो. बाहेरून आणलेली एकही वस्तू या झटापटीत नाही. नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत याहून मोठ्या, महागड्या आणि वेगवान मारामाऱ्या हेरपटांनी दाखवल्या, परंतु कारण आणि कृती यांचे इतके घट्ट लग्न लावणारी दुसरी मारामारी दाखवणे कठीण आहे.

ग्रँटचा मृत्यू अवघड असला तरी तो सराईत माणसाच्या हातून होतो. हत्या करण्याची सवय नसलेल्या माणसावर ती वेळ आली तर काय होईल, याचा विचार आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘टॉर्न कर्टन’ (1966) मध्ये केला. हेरपटांत माणसे फार सहज मारली जातात, तर प्रत्यक्षात माणूस मारणे किती कष्टाचे आणि किती वेळ खाणारे असते ते दाखवावे, असा त्यांचा स्पष्ट हेतू होता. संपूर्ण चित्रपट हिचकॉक यांच्या उत्तम चित्रपटांच्या पंक्तीत बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. मधला बराच भाग सैल आहे. पण शेतघरातील स्वयंपाकघराचा प्रसंग हा या विषयाच्या अभ्यासात टाळताच येत नाही.

पॉल न्यूमन यांनी साकारलेला अमेरिकी शास्त्रज्ञ आर्मस्ट्राँग पक्षांतराचे सोंग घेऊन पूर्व जर्मनीत आलेला असतो आणि गुप्त संघटनेशी संपर्क साधण्यासाठी टॅक्सीने एका शेतावर जातो. त्याच्यावर नेमलेला सुरक्षा अधिकारी ग्रोमेक (वोल्फगांग कीलिंग) मोटारसायकलवरून त्याच्या मागावर येतो, जमिनीवर काढलेले ‘पाय’ हे गणिती चिन्ह पाहतो आणि त्याच्या लक्षात सगळे येते. ग्रोमेकजवळ पिस्तूल आहे, पण त्याला आर्मस्ट्राँग जिवंत आणि आरोपी म्हणून हवा आहे, म्हणून तो फोनकडे वळतो. शेतकरीण आणि आर्मस्ट्राँग यांना गोळी झाडून चालणार नाही, कारण बाहेर टॅक्सीचालक थांबलेला आहे आणि आवाज त्याच्या कानी जाईल. बंदूक का चालली नाही, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी इतके नेमके फार थोड्या चित्रपटांत मिळते.

मग जे घडते ते स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी घडते. शेतकरीण आधी हाताशी असलेले भांडे फेकून मारते. नंतर सुरी खुपसते, पण तिचे पाते मोडते. मग ती फावड्याने ग्रोमेकच्या पायांवर घाव घालते, आणि तरीही त्याची आर्मस्ट्राँगच्या गळ्यावरची पकड सुटत नाही. अखेर दोघे मिळून त्याला फरशीवरून ओढत गॅसच्या भट्टीपर्यंत नेतात आणि त्याचे डोके आत घालून गॅस सोडतात. कॅमेरा वरून पाहतो, आणि पडद्यावर दिसतात ते केवळ ग्रोमेकचे हात. गळ्याभोवती आवळलेली बोटे आधी ताठ होतात, मग थरथरतात आणि हळूहळू सैल पडतात. बर्नार्ड हर्मन आणि त्यांच्यानंतर नेमलेले जॉन ॲडिसन या दोघाही संगीतकारांनी या प्रसंगासाठी संगीत रचले होते, पण अंतिम चित्रपटात तेथे संगीत नाही. धापा, खुर्ची सरकल्याचा आवाज आणि धडपड एवढेच ऐकू येते. पार्श्वसंगीत प्रेक्षकाला कोणाची बाजू घ्यावी हे सांगत असते, आणि ते काढून घेतल्यामुळे प्रेक्षक त्या खोलीत साक्षीदारासारखा एकटा उरतो. शेतकरणीच्या चेहऱ्यावर द्वेष नाही की विजय नाही. अंगावर पडलेले काम निभावून नेणाऱ्या बाईचा निग्रह आहे, आणि कॅरोलिन कॉनवेल या अभिनेत्रीने तो जवळजवळ एकही शब्द न बोलता उभा केला आहे.

या प्रसंगाचा तर्क प्रसंगाबरोबर संपत नाही, ही त्याची आणखी एक थोरवी. ज्या टॅक्सीचालकाच्या कानी आवाज जाऊ नये म्हणून ही भयंकर शांतता पाळली गेली, तोच टॅक्सीचालक पुढे पोलिसांकडे जातो आणि आर्मस्ट्राँगच्या मागे ससेमिरा लागतो. जो माणूस मारामारी मूक राहण्याचे कारण होता, तोच रहस्य फुटण्याचे कारण होतो, आणि म्हणून हा प्रसंग चित्रपटातून उचलून वेगळा काढता येत नाही.

‘द बोर्न आयडेंटिटी’ (2002) या डग लायमन यांच्या चित्रपटाने मारामारीला एक निराळेच काम दिले. स्मृती गमावलेला जेसन बोर्न झुरिकमधील बागेत बाकावर झोपलेला असतो. दोन पोलीस त्याला हटकतात, काठी टोचतात, आणि काही सेकंदांत दोघेही जमिनीवर पडलेले असतात. हातात आलेल्या पिस्तुलाकडे बोर्न स्वतःच अचंबित होऊन पाहतो. आपण कोण, हे त्याच्या मनाला ठाऊक नाही, पण त्याच्या हातांना ठाऊक आहे. तेव्हा येथे मारामारी हाच पुरावा होतो, आणि नायकाला स्वतःविषयीची पहिली खात्रीची माहिती आपल्याच शरीराकडून मिळते. हेरपटात माहिती हेच धन असते, आणि झटापटीतून एवढी मोलाची माहिती क्वचितच निघाली असेल.

पॉल ग्रीनग्रास यांच्या ‘द बोर्न सुप्रीमसी’ (2004) मध्ये म्युनिकच्या घरातील झटापट याच धाग्यावर पुढे जाते. या चित्रपटाचे मारामारी-संयोजक जेफ इमाडा यांनी फिलिपिन्समधील काली या युद्धकलेचा आधार घेतला. हाताशी येईल ती वस्तू शस्त्र म्हणून वापरणे तिच्यात बसते. बोर्न गुंडाळलेल्या मासिकाने सुरीवाल्या प्रतिस्पर्ध्याशी लढतो, आणि त्याला मारल्यावर गॅसची नळी मोकळी करून तेच मासिक पाव भाजण्याच्या यंत्रात खोचतो, जेणेकरून पाठलाग करणारे आत येईपर्यंत घराचा स्फोट व्हावा. एका कागदी मासिकाला चित्रपटाने आधी ढाल, मग शस्त्र आणि मग वात असे तीन वेळा राबवले आहे, आणि मेलेला माणूस आपल्यासारखाच घडवलेला होता या जाणिवेने बोर्न खचलेलाही दिसतो.

ग्रीनग्रास यांच्या शैलीबद्दल मात्र एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. ‘शॉट’ म्हणजे एका तोडीपासून दुसऱ्या तोडीपर्यंतचे सलग चित्रण. त्यांच्या बोर्नपटांत एका शॉटची सरासरी लांबी दोन सेकंदांच्या आसपास येते, आणि कॅमेरा हातात धरलेला असल्यामुळे तो हलतोही. स्मृतिभ्रंश झालेल्या, सतत धोका हुंगणाऱ्या माणसाच्या कथेत ही अस्वस्थता शोभते. पण तिचे अनुकरण झाले तेव्हा कारण मागे राहिले आणि थरथर तेवढी उचलली गेली. ‘क्वांटम ऑफ सोलेस’ (2008) मध्ये हैतीच्या हॉटेलात बॉंड आणि स्लेट यांची झटापट कथानकाच्या दृष्टीने चांगली बेतलेली आहे, कारण मेलेल्या माणसाचा कोट आणि पेटी घेऊन बाहेर पडल्यामुळेच बॉंडला तोच समजले जाते. परंतु पडद्यावर कोणाचा हात कोणाच्या अंगावर आहे हे कळेपर्यंत प्रसंग संपलेला असतो. तर्क कागदावर शाबूत असून उपयोग नाही, तो डोळ्यांना वाचताही आला पाहिजे.

‘मिशन इम्पॉसिबल : फॉलआउट’ (2018) मधील पॅरिसच्या स्वच्छतागृहातील मारामारी या बाबतीत नमुनेदार आहे. जॉन लार्क समजल्या जाणाऱ्या माणसाला बेशुद्ध करून त्याच्या चेहऱ्याचा मुखवटा तयार करायचा, असा बेत असतो. म्हणजे त्याला मारून चालणार नाही आणि त्याच्या तोंडाला इजा होऊनही चालणार नाही. शेवटी इल्सा ही हेर त्याच्या चेहऱ्यावरच गोळी झाडते, नायकाचा जीव वाचतो आणि बेत मोडतो, आणि ईथन हंटला मुखवट्याशिवाय, स्वतःच्या चेहऱ्याने लार्क बनून पुढे जावे लागते. दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॅरी यांनी लांब चौकटी ठेवल्यामुळे पांढऱ्या फरशांच्या त्या खोलीत प्रत्येक पाऊल स्वच्छ दिसते.

हिंदी हेरपटाची परंपराही लहान नाही. रविकांत नगाइच यांचा ‘फर्ज’ (1967), रामानंद सागर यांचा ‘आँखें’ (1968), आणि नगाइच यांचाच ‘सुरक्षा’ (1979) यांनी बॉंडपटाचा बाज येथील गाण्यांत आणि मेलोड्रामात, म्हणजे भावनांच्या ठसठशीत मांडणीत, मुरवून घेतला. अलीकडच्या मोठ्या खर्चाच्या हेरपटांत मात्र बंदूकधारी माणसे एकेक करून नायकाच्या मुठीच्या टप्प्यात येतात, आणि मारामारी संपल्यावर कोणालाच आधीपेक्षा अधिक काही कळलेले नसते. तारांकित नायकाचे दर्शन हा त्या दृश्यांचा खरा हेतू असतो, आणि तो हेतू कथानकाला ताटकळत ठेवतो. हे दुःखाने म्हणावे लागते, कारण याच उद्योगाने मेघना गुलजार यांचा ‘राझी’ (2018) दिला आहे. हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सेहमत’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात 1971 च्या युद्धापूर्वी पाकिस्तानी लष्करी कुटुंबात सून म्हणून गेलेली सेहमत (आलिया भट्ट) हातघाईच्या लढाईला कधी उभीच राहत नाही. ती तशी राहू शकणार नाही, हे तिच्या प्रशिक्षणाच्या दृश्यांतच दिसलेले असते. घरातला जुना नोकर अब्दुल तिचे गुपित ओळखून बाहेर धावत सुटतो, तेव्हा तिच्याजवळ जे साधन असते त्याने, म्हणजे जीपने, ती त्याला चिरडते. जाऊ मुनिरा, जी भूमिका मराठी प्रेक्षकांच्या परिचयाच्या अमृता खानविलकर यांनी केली आहे, तिच्याशी सेहमतचे जिव्हाळ्याचे नाते असते. आणि त्याच मुनिराच्या पतीला सेहमतला विषाने मारावे लागते. वार एवढासाच, पण तो ज्या घरात पडतो त्या घराची ओळख प्रेक्षकाला झालेली असल्यामुळे तो कोणत्याही लांबलचक मारामारीपेक्षा खोल जातो.

झटापटीनंतर काय उरते, हा प्रश्न बहुतेक हेरपट टाळतात. मार्टिन कॅम्पबेल यांच्या ‘कॅसिनो रॉयल’ (2006) ने तो टाळला नाही. मॉन्टेनेग्रोच्या हॉटेलात पत्त्यांच्या डावाला मध्यंतर मिळते, बॉंड आणि व्हेस्पर लिंड जिन्याजवळ उभे असतात, आणि बॉंडच्या कानातील श्रवणयंत्र ओबानो या बंडखोर म्होरक्याच्या माणसाच्या नजरेस पडते. एवढ्या बारीक कारणावरून जिन्यात जीवघेणी मारामारी पेटते. व्हेस्पर ही सरकारी खजिन्याची अधिकारी, हिशेब पाहायला आलेली. पण बॉंडने ओबानोचा गळा आवळलेला असताना त्याच्या हातातले पिस्तूल तिलाच सोडवावे लागते. डाव पुन्हा सुरू होण्यापूर्वी बॉंड खोलीत जाऊन आरशासमोर जखमा धुतो, रक्ताने माखलेला सदरा टाकून दुसरा चढवतो आणि टेबलाशी परत येतो. समोर बसलेल्या ल शिफर या प्रतिस्पर्ध्याच्या लगेच ध्यानात येते की सदरा बदललेला आहे. मध्यंतराएवढ्या वेळात दोन माणसे मेली, आणि त्याचा एकमेव दृश्य पुरावा म्हणून त्या टेबलावर एक कोरा, पांढरा सदरा आहे. रात्री उशिरा बॉंड खोलीवर येतो तेव्हा व्हेस्पर अंगावरच्या कपड्यांनिशी न्हाणीघरात पाण्याच्या धारेखाली बसलेली असते. हाताला लागलेले रक्त जात नाही, असे ती सांगते, आणि बॉंडही कपडे न उतरवता तिच्या शेजारी पाण्यात बसतो, तिला थंडी वाजते आहे का विचारतो, आणि नळ फिरवून पाणी थोडे गरम करतो.